नावं संपल्यानंतरचं: जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींवरच्या ‘मेकिंग’चा प्रकल्प

2 जून 2024, कोल्हापूर

मामाच्या घरातून आज सहा खोकी आणली. त्यानं व्हिडिओ लायब्ररी बंद केली त्याला बारा वर्षं झाली. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कॅसेटी त्यानं तेव्हाच भंगारात घातल्या, व्हीसीडी आणि डीव्हीडी मात्र ठेवल्या. का ठेवल्या विचारलं तर म्हणाला, “पैसं घातल्यात गं त्यात.” 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. माळ्यावरची चार खोकी वाचली, पलंगाखालची दोन भिजली. भिजलेल्यांतले कव्हराचे कागद प्लास्टिकला असे चिकटलेत की नायिकेचं अर्धं तोंड सीडीवर आणि अर्धं डबीवर.

मला यातले सिनेमे नकोत. सिनेमे कुठे ना कुठे मिळतात. मला हवंय ते सिनेमा संपल्यावर, शेवटची नावं सरकून गेल्यावर जे असायचं ते. मेकिंग, गाळलेले प्रसंग, मुलाखती, गाण्याच्या तालमी, हसून वाया गेलेले शॉट. हे कुठल्याही ॲपवर नाही, टीव्हीवरही लागत नाही. खोकी भंगारात गेली की हेही गेलं.

काम असं ठरवलंय: प्रत्येक सीडी लावून बघायची, जास्तीचं काही असेल तर तेवढंच उतरवून घ्यायचं आणि तक्त्यात नोंद करायची. ऑनलाइन काहीही टाकायचं नाही. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे 2004 चा सिनेमा 2064 अखेरपर्यंत. तेव्हा मी असले तर बघू.

5 जून

मोजणी झाली. 214 सिनेमे, 412 चकत्या. व्हीसीडीच जास्त. कव्हरवर ‘मेकिंग’ किंवा ‘स्पेशल फीचर्स’ छापलेले 58.

आज त्यातले नऊ लावून बघितले. सहांमध्ये ‘स्पेशल फीचर्स’ म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिनेमांच्या जाहिराती. एकात गाण्यांची यादी, जी सिनेमातच आहे. मामा म्हणतो, कव्हर छापणारा वेगळा आणि सीडी काढणारा वेगळा, दोघांची गाठ पडत नसे.

9 जून

पहिली चूक, आणि ती माझीच.

लायब्ररीतल्या प्रत्येक सीडीवर मामाचा नंबराचा कागदी स्टिकर आहे. ड्राइव्हमध्ये सीडी थरथरू नये म्हणून एकाचा स्टिकर नखानं सोलला. स्टिकरबरोबर चंदेरी पापुद्राही आला आणि सीडीला आरपार खिडकी पडली. सीडीत माहितीचा थर लेबलच्या बाजूला असतो, वरून फक्त लाखेचा पातळ लेप. आपण जन्मभर खालची चकचकीत बाजू जपली, घाव वरून बसतो. डीव्हीडीचं तसं नाही, तिचा थर दोन 0.6 मिलिमीटरच्या प्लास्टिकांच्या मध्ये सँडविचसारखा असतो. तिला स्टिकर सोललेला चालला असता.

गेलेली सीडी एका हिंदी सिनेमाची होती, जास्तीचं काही नसलेली. तेवढंच नशीब. यापुढे स्टिकर आहे तसाच ठेवायचा. थरथरली तर थरथरू दे.

16 जून

व्हीसीडी उतरवताना दुसरी अडचण. फाइल नुसती कॉपी केली की मध्येच बंद पडते. खरचटलेलं नसलं तरी. कारण शोधायला अर्धा रविवार गेला, म्हणून इथं सविस्तर लिहून ठेवते.

सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत असते. एक सेक्टर 2352 बाइटांचा. साध्या डेटा सीडीत त्यातले 2048 बाइट माहितीचे, आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायची जादा सोय. व्हीसीडी करणाऱ्यांनी ती जादा सोय काढून टाकली आणि माहिती 2324 बाइटांपर्यंत नेली. जागा हवी होती म्हणून. चित्रात एखादा ठिपका चुकला तर प्रेक्षकाला कळत नाही, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे 2048 बाइट मागणारा नेहमीचा प्रोग्रॅम इथं गोंधळतो, आणि खरचटलेल्या जागी ड्राइव्हला दुरुस्त करायला हाताशी फार काही नसतं. उपाय: अख्खा सेक्टर कच्चाच वाचायचा आणि चित्र नंतर वेगळं काढायचं. आता चालतंय. एका सीडीला वीस ते चाळीस मिनिटं, खराब असेल तर रात्रभर.

डीव्हीडी सोप्या. डीडीरेस्क्यू हा खराब चकत्या वाचायचा प्रोग्रॅम लावून आयएसओ, म्हणजे अख्ख्या चकतीची एक फाइल, काढायची आणि झोपायला जायचं. ते वाचता न आलेल्या जागांचा नकाशा ठेवतं, सकाळी तेवढ्याच जागा पुन्हा वाचायच्या.

23 जून

आज एक गोष्ट ध्यानात आली, आणि आली तेव्हा उभी राहून मामाला फोन केला.

मराठी व्हीसीडींत मेकिंग कुठल्या सिनेमांना आहे हे मी बॅनरवरून, पैशावरून शोधत होते. काही जुळेना. मग लांबी लावून बघितली. एका व्हीसीडीत साधारण 74 मिनिटं मावतात. दोन सीडींत 148. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा असेल तर आठ मिनिटं उरतात, त्यात दोन जाहिराती बसवून मोकळं व्हायचं. सिनेमा दोन तासांच्या आतला असेल तर अर्धा तास उरतो. तक्त्यातल्या नऊ मराठी मेकिंगांपैकी सात दोन तासांच्या आतल्या सिनेमांची आहेत.

म्हणजे मेकिंग कुणी कलेच्या आस्थेनं दिलंच असेल असं नाही. जागा उरली म्हणून दिलं. पोळ्या झाल्यावर परातीत उरलेल्या कणकेची आजी आम्हाला चानकी करून द्यायची, तसं. चानकी सगळ्यात गोड लागायची ही गोष्ट वेगळी.

मामा म्हणाला, “मग? गिऱ्हाइकाला दुसरी सीडी रिकामी दिली तर भांडत होतं.”

30 जून

भिजलेली खोकी उघडली. बुरशी. काचेवर दवासारखी पांढरी नक्षी. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं, आणि पुसायचं मधून कडेकडे, गोल नाही. गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं जातो आणि सलग माहिती जाते. आडवा ओरखडा ड्राइव्ह झेलतो. 71 चकत्या धुतल्या. बाल्कनीत दोरीवर नाही, चाळणीत उभ्या वाळवल्या. शेजारच्या काकू बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

7 जुलै

एका हिंदी डीव्हीडीत गंमत सापडली. मेनूत ‘मेकिंग’ नाही, कव्हरवर नाही. पण चकतीतले व्हिडिओचे संच एकेक उघडून बघितले तर तिसऱ्या संचात 1 मिनिट 40 सेकंदांचा तुकडा. गाण्याची तालीम, आवाज नाही, कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे टेपवरच्या वेळेचे आकडे, पळतोय. मेनूतल्या कुठल्याच बटनावरून तिकडे वाट नाही.

मुद्दाम लपवलेल्या गोष्टी डीव्हीडीवाले ठेवायचे. 1999 च्या ‘द मेट्रिक्स’च्या डीव्हीडीत सिनेमा चालू असताना पांढरा ससा दिसला की बटन दाबायचं, मग तो शॉट कसा घेतला ते दिसायचं. हे तसलं नाही. टाइमकोड असलेला, आवाज नसलेला तुकडा कुणी बक्षीस म्हणून लपवत नाही. मेनू करताना बटन काढलं आणि फाइल तशीच राहिली असावी. तक्त्यात ‘मेनूबाहेर’ असा नवा रकाना केला.

14 जुलै

मुख्य मुद्द्याला आले. एका मराठी सिनेमाच्या दुसऱ्या व्हीसीडीच्या शेवटी 11 मिनिटं 20 सेकंदांचं मेकिंग आहे. नाव इथं लिहीत नाही, निर्मात्यांशी अजून बोलणं व्हायचंय. चित्रीकरण पन्हाळ्याच्या बाजूला आणि कोल्हापुरातल्या एका वाड्यात झालेलं. सगळ्या खोक्यांतलं हे सगळ्यात चांगलं मेकिंग. निवेदन नाही, ‘आमचं सगळं युनिट म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य नाही. नुसता कॅमेरा फिरतोय. ट्रॉलीचे रूळ मांडणारी पोरं. नऊवारीतली ज्येष्ठ नटी प्लास्टिकच्या खुर्चीवर, कुणीतरी तिच्या पायाशी टेबलफॅन आणून ठेवतंय. जनरेटर व्हॅनच्या आडोशाला चहा.

चित्र बेताचं. व्हीसीडी म्हणजे 352 गुणिले 288. मूळ टेपवर 576 ओळी असणार, त्या इथं अर्ध्या झाल्या. माणसांची तोंडं लांबून पोह्याच्या दाण्याएवढी.

आणि एक प्रसंग: नायिका वाड्याच्या चौकातून धावत येते, तुळशीपाशी थांबते, काहीतरी बोलते. हा प्रसंग सिनेमात नाही! सिनेमा पूर्ण दोनदा बघितला. चौक आहे, तुळस आहे, पण तिथं ती रात्री येते आणि बोलत नाही. तक्त्यात लिहिलं: ‘गाळलेला प्रसंग, 38 सेकंद, अन्यत्र उपलब्ध नाही’. शेवटचे तीन शब्द लिहिताना फार बरं वाटलं.

21 जुलै

मेकिंगमध्ये एका ठिकाणी क्लॅप, म्हणजे शॉटआधी कॅमेऱ्यापुढे धरायची पाटी, दिसतो. खडूचे आकडे वाचता येत नव्हते. क्लॅप जवळजवळ स्थिर असलेल्या चौदा फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढली, तेव्हा तारीख दिसली: 14/12. चित्रीकरणाची तारीख मिळाली. फार खूश.

26 जुलै

पाऊस. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेलाय. मामाकडे गेले तर तो पलंगाखालच्या वस्तू वर ठेवत होता. खोकी आता माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावर, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आज काम नाही.

4 ऑगस्ट

तक्ता करता करता एक अडतं. लोकांना या सगळ्याबद्दल विचारलं की ते ‘क्लिप’ म्हणतात, आणि क्लिप या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. चॅनेलांना पाठवायला निर्माते प्रसिद्धीची टेप बनवत, तिच्यात सिनेमातले तुकडे, कलाकारांच्या मुलाखती आणि सेटवरचं मोकळं चित्रण एकत्र असे. तेच पुढे सीडीवर ‘मेकिंग’ म्हणून चढलं. त्यामुळे एकाच अकरा मिनिटांत तयार सिनेमातला तुकडा, सिनेमातून काढलेला तुकडा आणि शेजारी उभं राहून व्हिडिओ कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्रण लागोपाठ येतं, आणि कुठलं कुठे संपतं याची खूण नसते.

या सगळ्याला ‘एक्स्ट्रा’ म्हणायचं. आपल्याकडे एक्स्ट्रा म्हणजे गर्दीत उभा राहणारा माणूस. त्याचंही नाव पाटीवर येत नाही.

11 ऑगस्ट

मामाच्या ओळखीचे एक आण्णा आहेत. सत्तरी पार, जन्म लाइटमन म्हणून गेला. शूटिंग सुटल्यावर मामाच्या लायब्ररीत बसायला यायचे. ते त्या सिनेमाला होते हे आज कळलं. मामाला पहिल्यापासून माहीत होतं. “तू इचारलंस कधी?” म्हणाला.

आण्णांना मेकिंग दाखवलं. त्यांनी ते कधीच बघितलेलं नव्हतं. सिनेमा घरच्यांबरोबर याच व्हीसीडीवर बघितला होता, पण शेवटची नावं सुरू झाली की घरात टीव्ही बंद होतो. मेकिंग नावांच्या पुढे होतं.

चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, “मागं घ्या जरा.” घेतलं. “ह्यो मीच की. थर्माकोल धरून हुबा हाय.” चार सेकंद. बनियन, डोक्याला पंचा, हातात उजेड परतवायचा पांढरा थर्माकोल. मग बराच वेळ त्यांनी त्या माणसाकडे नाही, त्या थर्माकोलकडे बघितलं आणि म्हणाले, “तिरका धरलाय.”

मग माझा चौकातला प्रसंग आला. मी म्हटलं, आण्णा, हा गाळलेला प्रसंग.

“न्हाई ओ ताई. ही तालीम हाय.”

मी म्हटलं, पण ती पूर्ण कपड्यांत आहे, संवाद म्हणतेय.

“बघा की. सोलर हुबा हाय पण पेटलाय का? मल्टीवर गोणपाट हाय अजून. कॅमेरामन साहेब लाइट झाल्याबिगर फिल्म सोडतंय व्हय? म्हागाची फिल्म. रातच्या सीनची तालीम दिवसा घेतली, पोरगीला जागा कळाव्या म्हणून. बोलायचं नंतर दिग्दर्शकानं काढलं.”

पुन्हा बघितलं. सोलर, म्हणजे सेटवरचा मोठा लाइट, विझलेला होता. मल्टीवर, म्हणजे अनेक दिव्यांच्या लाइटवर, खरंच गोणपाट होतं. मी चार आठवडे त्या प्रसंगाकडे बघत होते आणि मला फक्त नायिका दिसत होती.

18 ऑगस्ट

तक्ता दुरुस्त केला. ‘गाळलेला प्रसंग’ खोडून ‘तालीम, शेजारच्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपलेली, फिल्मवर चित्रित नाही’. ‘अन्यत्र उपलब्ध नाही’ मात्र ठेवलं. उलट ते आता जास्तच खरं आहे. 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात 400 फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपतं. इतकं महाग असताना तालमीवर, चहावर, दिग्दर्शकाच्या मन बदलण्यावर कुणी ते खर्च करणार नाही. तो संवाद असा होता याचा पुरावा एवढाच: कुणाच्या तरी हातातला साधा व्हिडिओ कॅमेरा, मग टेप, मग अर्ध्या ओळींची व्हीसीडी, मग मामाचा माळा.

सिनेमाची निगेटिव्ह जपलेली असेल तर ती पुन्हा स्कॅन होते, 4के होते. मेकिंगची निगेटिव्ह नसतेच. ते टेपवर जन्मलं, तेवढ्याच ओळींत. नव्या ब्लू-रेवरसुद्धा सिनेमा आरशासारखा आणि जुनं मेकिंग धुरकट, चौकोनी असतं ते त्यामुळे.

आणि क्लॅपची तारीख? आण्णांना तीही दाखवली होती. “क्लॅपचं पोरगं नवं व्हतं. तारीख बदलायचंच न्हाई.” तारखेपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. चौदा फ्रेमची सरासरी काढून मी चुकीची तारीख स्वच्छ करून घेतली होती.

25 ऑगस्ट

आण्णा बोलत होते तेव्हा मी नुसती ऐकत बसले, रेकॉर्ड केलं नाही. सगळ्यात मोठी चूक स्टिकरची नव्हती, ही होती.

पुन्हा बोलवायचं. या वेळी मेकिंग चालू ठेवून त्यांचा आवाज त्यावरच घ्यायचा. हे काही नवं डोकं नाही. 1984 मध्ये अमेरिकेत क्रायटेरियन या सिनेमे विकणाऱ्या कंपनीनं ‘किंग काँग’ लेसरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या चकतीवर, काढला तेव्हा रोनाल्ड हेव्हर यांनी सिनेमा चालू असताना त्यावर बोलून ठेवलं. सिनेमासोबतची पहिली कॉमेंटरी म्हणून तीच सांगितली जाते. ती कुठे बसवली हे वाचून मला हसू आलं. लेसरडिस्कला आवाजाच्या दोन वाटा होत्या, 1933 च्या सिनेमाचा आवाज एकाच वाटेचा. दुसरी मोकळी होती. तिथंही उरलेली कणीकच.

डीव्हीडीत आवाजाच्या आठ वाटा असतात. आपल्याकडच्या चकत्यांत मला एकीवर किंवा दोनांवर सिनेमा सापडलाय, बाकीच्या रिकाम्या. बोलणारे तर घराघरात होते.

1 सप्टेंबर

कोणीतरी विचारलं, मराठी माणसाला मेकिंगचं एवढं काय? म्हटलं, भारतातली सिनेमा कसा बनतो हे दाखवणारी फिल्म दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये काढली. ‘राजा हरिश्चंद्र’ला तेव्हा चार वर्षं झाली होती. तिचे तुकडे उरलेत, त्यांत फाळके स्वतः फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून बघताना दिसतात. लोक पडद्यावरचे देव बघून नमस्कार करत होते तेव्हा हा माणूस देव कसे बनवतो ते दाखवायला निघाला.

नंतरच्या काळातलं सांगायचं तर ‘लगान’च्या चित्रीकरणावर सत्यजित भटकळ यांनी केलेला ‘चले चलो’. कच्छच्या उन्हात महिनोन्महिने पडलेल्या युनिटचा तो अख्खा माहितीपटच आहे, उरलेल्या जागेत कोंबलेला नाही. ठरवलं तर होतं, म्हणजे.

त्यानं पुढे विचारलं की आता ॲपवर जागाच जागा असताना मेकिंग का नसतं? चकतीत जागा संपायची, म्हणून उरायची, आणि उरली की कुणाला तरी ती भरावी लागायची. ॲपवर संपतच नाही. उरत नाही. भरा म्हणणारा कोणी नाही. अपवाद आहेत. क्रायटेरियनचं 2019 मध्ये सुरू झालेलं चॅनेल सिनेमासोबत जुन्या कॉमेंटऱ्या आणि मुलाखती ठेवतं. बाकी ठिकाणी शेवटची नावं सुरू झाली की कोपऱ्यात आकडे उलटे मोजायला लागतात आणि पुढचा सिनेमा येतो.

3 सप्टेंबर

ड्राइव्ह गेला. ट्रे बाहेर येतो, आत जात नाही. नवा बाहेरून जोडायचा घेतला. दुकानदार म्हणाला, वर्षातून दोन जातात, आणि दोन्ही नेणारे साठीच्या पुढचे. माझ्याकडे बघून थांबला.

22 सप्टेंबर

गणपती झाले. आण्णा आले, सोबत नातू.

माइक त्यांच्या शर्टाला लावला, मेकिंग सुरू केलं. पहिली दोन मिनिटं ते टीव्हीच्या बातम्यांसारखं बोलायला लागले. “या ठिकाणी आपल्याला असे दिसून येते.” थांबवलं, चहा दिला, माइक काढून टेबलावर उलटा ठेवला, आणि म्हटलं आता नातवाला सांगा. मग आले मूळ बोलीवर.

11 मिनिटं 20 सेकंदांचं मेकिंग आम्ही एक तास वीस मिनिटं बघितलं, थांबवत थांबवत. म्हणजे आवाज चित्रापेक्षा कितीतरी लांब झाला. आधी वाटलं कापावा. मग ठरवलं, कापायचा नाही. ते ज्या फ्रेमवर थांबले तिथं चित्रही तेवढा वेळ थांबवायचं. एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये दोन प्रती: एक मूळ, हात न लावलेली, एक आण्णांची.

त्यातलं थोडं उतरवून ठेवते.

टेबलफॅन आणणारा मुलगा स्पॉटदादांचा पोरगा, सुट्टीत आलेला. फॅन त्या नटीबाईंसाठी नव्हताच, कॅमेऱ्यासाठी होता, गरम व्हायचा. बाईंनी बोलवून घेतला आणि कुणाची काढून न्यायची छाती झाली नाही.

ट्रॉलीचे रूळ चौकात सपाट बसेनात, फरशी जुनी. खाली घातलेल्या लाकडी पाचरी वाड्यातल्याच, दाराला लावायच्या. परत करताना दोन कमी पडल्या, मालकीणबाई तीन दिवस बोलल्या.

रात्रीच्या प्रसंगाला चौकात जे चांदणं पडतं ते वाड्याच्या माळवदावर चढवलेला एकच मोठा लाइट आणि पुढे बटर पेपर. वारा सुटला की बटर पेपर फडफडायचा, आवाज माइकमध्ये यायचा. म्हणून दोघांनी तो हातांनी ताणून धरला, शॉट संपेपर्यंत. “कोण कोण?” नातवानं विचारलं. “एक मी. एक दुसरा.”

दुसऱ्याचं नाव आठवेना. ते फारच अस्वस्थ झाले. तीनदा म्हणाले, इचलकरंजीचा व्हता.

सिनेमाची शेवटची नावं लावली. प्रकाशयोजना साहाय्य या पाटीवर लाइट पुरवणाऱ्या कंपनीचं नाव आहे, माणसांची नाहीत.

29 सप्टेंबर

आण्णांचा आवाज साफ केला. पंख्याची घरघर थोडी ठेवली, फार काढली की माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटतं.

तक्त्यात नवीन रकाना: ‘दिसणारी माणसं’. या मेकिंगमध्ये स्पष्ट दिसणारी 26 माणसं मोजली. पाटीवर नाव असलेली 8. आण्णांनी ओळखलेली आणखी 11.

6 ऑक्टोबर

स्थिती अशी. 412 पैकी 377 चकत्या वाचल्या, 35 गेल्या. त्यांत माझी एक. 31 सिनेमांत जाहिरातींपलीकडचं काही सापडलं, त्यांत मराठी 9. सगळं मिळून पाच तास चौदा मिनिटं. दोन हार्ड डिस्कवर प्रती, एक माझ्याकडे, एक मामाकडे माळ्यावर. मूळ चकत्या फेकणार नाही.

निर्मात्यांच्या घरी फोन केला. मूळ टेपा आहेत का विचारलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दिवाळीच्या साफसफाईत बघते. दिवाळी महिन्याच्या शेवटाला आहे.

दुपारी आण्णांच्या नातवाचा निरोप आला. आजोबांना पहाटे नाव आठवलं, पण ते आडनाव होतं. तक्त्यात भरलं:

07:42, माळवदावर, पाठमोरा, चौकटीचा शर्ट. आडनाव कळलं. नाव बाकी. गाव इचलकरंजी. काम: बटर पेपर धरणे.